कारणाचा रकाना

डॉक्टर माजिदांचा पहिला तास म्हणजे झडती असायची. शिक्षणशास्त्राच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, गणित विभागाच्या चौथ्या वर्षाच्या वर्गात त्या तुपाचा रिकामा डबा घेऊन यायच्या आणि बाकाबाकावरून फिरवायच्या. ज्याच्याकडे लाल पेन असेल त्याने ते डब्यात टाकायचं. कुणी नाही म्हणालं तर दप्तर उघडून बघायलाही बाई कमी करायच्या नाहीत. सगळी पेनं जमली की डबा टेबलावर आपटून म्हणायच्या, की चुकीवर फुली मारायला शिक्षक कशाला हवा, ते काम कुणीही करील. चूक वाचायची असते. मूल चुकतं तेव्हा ते तुम्हाला काहीतरी सांगत असतं. ते काय सांगतंय हे आधी ऐका, मग हवं तर दुरुस्त करा.

विदादने आपली दोन्ही लाल पेनं मुकाट्याने टाकली. तिच्या शेजारची इरिनी मात्र पुटपुटलीच, की बाईंनी घरी दुकान काढलंय वाटतं. विदादला हसू आलं नाही. ती सगळं लिहून घेणाऱ्यांतली होती. बाईंचं ते वाक्य तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, खाली रेघ मारली, आणि पुढचे चार महिने तिला ते तोंडपाठ होतं. नुसतं तोंडपाठ असून काय उपयोग होतो, ते पुढे कळेलच.

त्या वर्षीचं मोठं काम होतं चुकांचं. दर सोमवारी सराव पाठांसाठी शाळेत जायचं, मुलींच्या वह्या बघायच्या आणि पन्नास चुका गोळा करायच्या. लांबलचक आडव्या कागदावर चार रकाने आखायचे. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, तेव्हा उजवीकडून पहिला तारखेचा, मग वर्गाचा, मग चुकीचा, आणि अगदी डाव्या कडेला सगळ्यांत रुंद रकाना, कारणाचा. मुलीला विचारल्याशिवाय तो भरायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

शाळा वाटून दिल्या तेव्हा विदादने हट्टाने आपल्याच गावची, बनी सालेहची मुलींची शाळा मागून घेतली आणि इरिनीलाही बरोबर ओढलं. कारण एकच. तिथे अब्ला इन्साफ होत्या.

आपल्या मराठी कानाला अब्ला म्हटलं की भलतंच ऐकू येतं. इथे, नाईलकाठच्या या मुलखात, शाळेतल्या बाईंना अब्ला म्हणतात, आणि इन्साफबाईंना एकदा भेटलेल्या माणसाच्या मनात तो दुसरा अर्थ फार वेळ टिकत नसे. सत्तावन्न वर्षांची बाई, अंगाने किरकोळ, डोळ्यांत भरपूर काजळ, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातल्या मुलीही आपली बेरीज तपासून बघायच्या. नवरा गेलेला, एकुलती एक मुलगी रबाब लग्न होऊन सुएझला. घरी त्या, रेडिओ आणि चौतीस वर्षांत शिकवलेल्या मुलींची नावं. सगळी पाठ होती त्यांना.

विदाद चौदा वर्षांची असताना बापाने तिची शाळा बंद करायचं ठरवलं होतं. अब्ला लागोपाठ तीन दिवस दुपारच्या तिच्या घरी येऊन बसल्या. चहा प्याल्या, उसाच्या पाण्यापासून शेजारणीच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांवर बोलल्या, शाळेचं नाव काढलं नाही. चौथ्या दिवशी बापच वैतागून म्हणाला, न्या बाई एकदाची पोरीला, पण माझी साखर संपवू नका. हा किस्सा गावात सगळ्यांना माहीत होता. विदाद आज विद्यापीठात बसून गणित कसं शिकवावं ते शिकत होती, ती त्या साखरेच्या जोरावर, असं तिची आई म्हणायची, आणि ते खरंच होतं.

ऑक्टोबरातल्या पहिल्याच सोमवारी विदाद अब्लांच्या वर्गात मागच्या बाकावर बसली तेव्हा तिला रडूच यायचं बाकी होतं. तोच फळा, तीच खिडकी. तास संपल्यावर तिने वह्या घेतल्या आणि तिला घबाडच सापडलं. एका समीकरणाची उत्तरं चार आणि उणे तीन यायला हवी होती, तर वर्गातल्या सदतीस मुलींपैकी एकतीस मुलींनी शून्य आणि एक अशी काढली होती. सगळ्यांचं गणित शेवटपर्यंत बिनचूक, फक्त मांडताना शेवटचं पद, उणे बारा, गायब. पुढच्या उदाहरणातही तेच. गणित उजवीकडून सुरू होऊन डावीकडे जातं, आणि डाव्या कडेला पोचता पोचता काहीतरी गळून पडतं. शेजारच्या वर्गात पाहिलं तर असली एकही चूक नव्हती.

विदाद हरखून गेली. असा ठसठशीत नमुना मिळायला नशीब लागतं. विद्यापीठात परतताना मायक्रोबसमध्ये तिने इरिनीला आपला सिद्धान्तही ऐकवला, की ओळीच्या शेवटी मुलींचं लक्ष उडतं, आणि त्यावर उपाय म्हणून ओळी लहान करायला हव्यात. इरिनी म्हणाली, तुझ्या नावाने सिद्धान्त निघाला की मला शिकवणी मोफत दे.

पण कारणाचा रकाना मुलीला विचारल्याशिवाय भरायचा नव्हता. पुढच्या सोमवारी विदादने पहिल्या बाकावरच्या रवान नावाच्या मुलीला बाजूला घेतलं. वर्गातली सगळ्यांत हुशार आणि तितकीच फटकळ मुलगी.

"हे उणे बारा कुठे गेलं गं?"

"कुठलं उणे बारा, मिस?"

"पुस्तकात आहे की. इथे, शेवटी."

"पुस्तकात असेल. फळ्यावर नव्हतं." रवानने खांदे उडवले. "अब्लांनी लिहिलं नाही तर आम्ही कोण लिहिणार?"

विदाद हसली. अब्ला इन्साफ पद गाळतात हे तिला सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटल्यासारखं वाटलं. पण त्या तासाला तिने वहीत न बघता फळ्याकडे बघितलं. अब्लांनी पुस्तक उघडायला सांगितलं, पान चौतीस. मुलींनी एकमेकींकडे बघून गुपचूप एकशे चौतीस उघडलं. त्यांना सवय झाली होती. अब्ला लिहू लागल्या. ओळ फळ्याच्या मध्यावर आली आणि थांबली. शेवटचं पद राहिलं. मग त्यांनी आपल्याच अर्ध्या ओळीचं गणित झरझर, सुंदर अक्षरात सोडवलं, आणि खाली दुहेरी रेघ मारली. तास संपला तेव्हा फळ्याचा उजवा अर्धा भाग खचाखच भरलेला होता आणि डावा अर्धा सकाळी पुसला होता तसाच काळाभोर. इरिनी हळूच म्हणाली, अब्ला खडू वाचवायला लागल्या की काय.

मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत गेली. अब्ला एकट्याच चहा पीत होत्या. फूल नावाची शिजवलेली उसळ भरलेली अर्धी रोटी ताटलीत डाव्या बाजूला तशीच पडली होती आणि अब्ला तक्रार करत होत्या, की हल्ली चहापाणी बघणारी फर्राशीण अर्धीच रोटी आणून देते. त्यांनी मान वर केली आणि विदादला दिसलं, की काजळ एकाच डोळ्यात आहे, उजव्या. डावा डोळा कोरा, ओका.

तिने विचारायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण अब्लाच आधी बोलल्या, मुख्याध्यापिकेबद्दल. सित्त करीमान, म्हणजे करीमानबाई, यांच्या बहिणीची मुलगी गणित घेऊन पास झाली होती आणि तिला चिकटवायला जागा हवी होती. वय झालेल्या शिक्षकांना वर्गावरून काढून पुस्तकांच्या खोलीत बसवायची सोय होतीच. भूगोलाच्या जुन्या बाई गेली दोन वर्षं तिथे कुलूपबंद कपाटांसमोर डुलक्या काढत बसल्या होत्या. अब्ला म्हणाल्या, "मला त्या खोलीत बसवलंत तर सरळ कबरीतच न्या म्हणावं, मधला हेलपाटा वाचेल." आणि हसल्या. मग म्हणाल्या, की डिसेंबरात तपासनीस यायचाय, करीमानने मुद्दाम बोलावलंय, पण चौतीस वर्षांत माझ्या फळ्यावर कुणाला बोट ठेवता आलेलं नाही.

विदादने तोंड मिटलं. ती पुढे झाली, म्हणाली, अब्ला, काजळ जरा पसरलंय, आणि त्यांच्याच पर्समधली सळई काढून तिने तो दुसरा डोळा भरला. अब्ला लहान मुलीसारख्या मान वर करून बसल्या होत्या. "तुझा हात हलका आहे," त्या म्हणाल्या. विदादने सळई पुसून पर्समध्ये परत ठेवली.

त्या संध्याकाळी घरी तिने चुकांचा कागद काढला. पंधरा ओळी झाल्या होत्या, तारीखवार. पंधराच्या पंधरा चुकांपुढे तिने कारणाच्या रकान्यात बारीक पेन्सिलीने खरं ते लिहिलं. शेवटच्या ओळीपुढे लिहिलं: अब्लांना डावीकडचं दिसत नाही. त्यांना स्वतःला ते माहीत नाही. मी कुणाला सांगणार नाही. मग कागदाची घडी करून गादीखाली सारली. तिला वाटलं ती अब्लांची लाज राखतेय. एवीतेवी म्हातारपण आहे, चष्म्याचा नंबर वाढला असेल, उन्हाळ्यापर्यंत असंच रेटू, असं तिने स्वतःला समजावलं. एकवीस वर्षांच्या मुलीला स्वतःला समजावणं फार सोपं जातं.

आणि मग तिने पांघरूण घालायला सुरुवात केली. सोमवारचं निमित्त होतंच, पण ती विद्यापीठातले सकाळचे तास बुडवून इतर दिवशीही शाळेत येऊ लागली. म्हणाली, अब्ला, मला फळ्यावरचं अक्षर सुधारायचंय, तुम्ही सांगा, मी लिहिते. अब्ला खूश झाल्या. अब्ला स्वतः लिहायच्या तेव्हा विदाद मागून जाऊन गळालेलं पद भरायची, आणि मुली, त्या चौदा वर्षांच्या सदतीस मुली, काही न विचारता सामील झाल्या. अब्लांनी पान बावीस म्हटलं की कुणीतरी हळूच एकशे बावीस सांगायची. रवानने तर डाव्या बाजूच्या मुलींना सांगून ठेवलं होतं, की काही विचारायचं असलं तर उठून उजवीकडे यायचं. त्यांनाही अब्ला हव्याच होत्या. कुणी वाईट वागलं नाही हो. तेच तर दुःख आहे.

एकदा अब्ला तिला म्हणाल्या, की यंदाच्या मुली विचित्र आहेत, डावीकडच्या बाकांवरच्या हातच वर करत नाहीत. मी काही कमी पडते का गं? विदाद म्हणाली, छे, अब्ला, लाजाळू आहेत.

डिसेंबरात तपासनीस आला. त्या दिवसाची तयारी विदादने जितकी केली तितकी कुठल्या परीक्षेची केली नसेल. वर्तुळाच्या प्रमेयांचा भलामोठा पुठ्ठ्याचा तक्ता तिने आणि इरिनीने दोन दिवस बसून बनवला आणि फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर टांगला, म्हणजे तिथे लिहायची वेळच येऊ नये. पाठाचं टाचण अरुंद कागदावर उभं उतरवून अब्लांच्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलं. साहेबांची खुर्ची उजव्या खिडकीपाशी मांडली. अब्लांना काजळ स्वतः घातलं. इरिनी दारात उभी राहून म्हणाली, तू सराव पाठ देतेयस की लग्न लावतेयस?

पाठ झकास झाला. अब्ला रंगात आल्या की काय शिकवायच्या. वर्तुळाच्या जीवेवर त्यांनी नाईलवरच्या नावेची गोष्ट रचली, मुली हसल्या, साहेबही हसले. जाताना त्यांनी शेऱ्यात लिहिलं, की अशा शिक्षिका नव्या पिढीने बघायला हव्यात. सित्त करीमानचं तोंड बघण्यासारखं झालं. अब्लांनी दुसऱ्या दिवशी घरून रव्याचा गोड बसबूसा करून आणला आणि साऱ्या शाळेला वाटला. त्या बसबूशात एका बाजूला साखरेचा पाक घालायचाच राहिला होता. विदादने तो कोरडा तुकडा स्वतः उचलला आणि इतरांच्या आधी खाऊन टाकला. तिचा जीव भांड्यात पडला होता. इतकी सुखी ती त्या वर्षात पुन्हा झाली नाही.

विद्यापीठात चुकांचा कागद द्यायची वेळ आली. गादीखालचा कागद ती देऊ शकत नव्हती. डॉक्टर माजिदांच्या नजरेला पडला असता तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, या वर्गाला कोण शिकवतं? म्हणून विदादने नवा कागद आखला आणि पन्नास चुका घरी बसून रचल्या. चिन्ह विसरणं, कंसाचा गुणाकार अर्धवट करणं, अपूर्णांक उलटा करायचा राहणं, अशा नेहमीच्या.

डॉक्टर माजिदांनी तिला खोलीत बोलावलं. कागद टेबलावर होता. त्या बराच वेळ बडीशेपेच्या चहात फुंकर घालत राहिल्या.

"या चुका कुणाच्या आहेत?"

"मुलींच्या, डॉक्टर."

"मुली इतक्या नीट चुकत नाहीत." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "पुस्तकं चुकतात अशी. खऱ्या चुका कुठे आहेत?"

विदादने कागद तसाच परत त्यांच्याकडे सरकवला. बाईंनी वाट बघितली. मग त्यांनी कागदावर ‘साधारण’ असा शेरा मारला आणि एवढंच म्हणाल्या, की तू का लपवतेयस ते मला माहीत नाही, पण जे लपवतेयस ते कुणाला तरी दाखव. विदाद बाहेर येऊन जिन्यात बसली. तेव्हाही सांगता आलं असतं. जानेवारी उजाडला होता, उशीर झाला होता, पण सांगता आलं असतं. तिला वाटलं, बाईंना गुणांचं पडलंय.

सहामाहीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात अब्ला भर दुपारी शाळेतून घरी निघाल्या. कालव्याचा रस्ता ओलांडताना डावीकडून टुकटुक रिक्षा आली. चालवणाऱ्याने हॉर्न वाजवला, ओरडला, पण त्याने सांगितलं ते असं, की बाईंनी त्या दिशेला मानच वळवली नाही, जणू तिकडे रस्ताच नव्हता. मार फार नव्हता. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. पण इस्पितळात त्या शुद्धीवर येऊन भलतंसलतं बोलू लागल्या, म्हणून डोक्याचं चित्र काढलं. कवटीच्या आत, उजव्या बाजूला, लिंबाएवढी गाठ होती.

रबाब सुएझहून धावत आली. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता, पण बोलायला सौम्य. त्याने विचारलं, हा त्रास केव्हापासून आहे? गाठ उजवीकडे असली की डावी बाजू सुटते; डावीकडचं न दिसणं, अर्धं जेवण टाकणं, असं काही लक्षात आलं होतं का? रबाब रडत म्हणाली, की काहीच नव्हतं हो, डिसेंबरात तर तपासनीसाने शाबासकी दिली, फोनवर तासभर सांगत होती मला. आम्हाला कुणाला कळलंच नाही.

विदाद भिंतीला टेकून उभी होती. ती घरी गेली, गादीखालचा कागद काढला, परत आली आणि तो डॉक्टरच्या हातात दिला. रबाबच्या समोर दिला. डॉक्टरने तो पूर्ण वाचला, तारखांवरून बोट फिरवत. त्याला आजवर इतकी नेमकी टिपणं कुठल्या नातेवाइकाने आणून दिली नव्हती, असं तो म्हणाला. मग हळू आवाजात म्हणाला, की पहिली तारीख ऑक्टोबरच्या सुरुवातीची आहे. तेव्हा ती लहान असणार. तेव्हा काढता आली असती. आता हात लावणं धोक्याचं आहे.

रबाब विदादकडे बघत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या, तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तुझ्यावर पोटच्या पोरीपेक्षा जास्त जीव होता तिचा." आणि आत निघून गेली.

अब्लांना घरी आणलं. गावातल्या बाया येत, मुलोखियाची पालेभाजी आणि भात ठेवून जात. विदाद तीन आठवडे गेली नाही. मग रवान तिच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मिस, अब्ला रोज तुमचं नाव घेतात, आम्ही रोज काहीतरी खोटं सांगतो, आता आमच्याकडची कारणं संपली.

ती गेली तेव्हा अब्ला उजवीकडच्या खिडकीकडे तोंड करून उशांना टेकून बसल्या होत्या. विदाद पलंगाच्या डाव्या बाजूला उभी राहिली, बराच वेळ. अब्लांनी रबाबला विचारलं, की विदाद आज तरी येणार आहे का. तेव्हा कुठे ती वळसा घालून उजवीकडे गेली आणि त्यांच्या समोर बसली. अब्लांचा चेहरा सुजला होता, बोलणं जड झालं होतं, पण ओळखीत काही फरक पडला नव्हता. "वाळलीस," त्या म्हणाल्या. मग विद्यापीठाचं विचारलं. चुकांच्या कामाचं काय झालं? किती गुण पडले? मला दाखवलंही नाहीस.

विदादच्या पिशवीत तो कागद होता. डॉक्टरने परत दिल्यापासून तो तिच्या पिशवीतच होता. तिने तो काढून अब्लांच्या पुढ्यात धरला. अब्लांनी चांगल्या हाताने कागदाची उजवी कड पकडली आणि वर्गात वह्या तपासायच्या तशा वाचू लागल्या. तारीख. वर्ग. चूक. ओठ हलत होते. एकेक ओळ उतरत त्या खालपर्यंत आल्या.

"तारखा नीट आहेत," त्या म्हणाल्या. "चुका तर फारच छान उतरवल्यास. पण कारणाचा रकाना कोराच ठेवलास की गं. मग अभ्यास काय केलास?"

विदादने कागदाकडे पाहिलं. डाव्या कडेचा तो रुंद रकाना पेन्सिलीच्या अक्षरांनी गच्च भरला होता. ‘भरते, अब्ला’ एवढंच म्हणायचं आणि कागद घडी करून ठेवून द्यायचा. अब्लांना आयुष्यात कधी कळलं नसतं. चार महिने तिने दुसरं काय केलं होतं? तिचा हात घडी घालायला पुढे झालाही. मग तिने कागद धरला आणि हळूहळू उजवीकडे सरकवत नेला, सरकवत नेला, डावा रकाना खिडकीच्या बाजूला अब्लांच्या नजरेत येईपर्यंत.

अब्ला थांबल्या. मग वाचू लागल्या. पंधरा ओळी वाचायला त्यांना फार वेळ लागला. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. खोलीत रबाब भांडी आवरत होती, ती आवरायची थांबली.

"ऑक्टोबरात?"

"हो, अब्ला."

"तपासनीस आला तेव्हाही?"

"तेव्हाही."

अब्लांनी कागद मांडीवर ठेवला. "म्हणजे मुली चुकत नव्हत्या," त्या म्हणाल्या. "मी रात्रंदिवस विचार करत होते, की मी यांना नीट शिकवत नाही की काय. बिचाऱ्या चुकतच नव्हत्या."

अब्ला तिच्याकडे बघत होत्या, उजव्या अंगाने, मान जरा वळवून.

"मी रागावले असते," त्या म्हणाल्या. "तुला वर्गाबाहेर काढलं असतं. आठ दिवस बोलले नसते तुझ्याशी. माझा स्वभावच तो." त्यांना धाप लागली, त्या थांबल्या. "पण विचारायचं होतंस गं पोरी. एवढी शिकलीस. एकदा मला विचारायचं होतंस."

विदाद त्यांच्या मांडीवर, त्या कागदावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. सगळं घर ऐकत होतं तरी रडली. अब्लांनी तिला गप्प केलं नाही की थोपटलंही नाही. प्लॅस्टरमधला डावा हात त्यांना जाणवत नव्हता आणि उजव्या हातात कागदाची कड होती, ती त्यांनी सोडली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी रबाबला हाक मारली आणि सांगितलं, की विदादसाठी चहा टाक, साखर जरा जास्त घाल, तिच्या बापाची फार संपवली आहे मी.